मेलेल्या बाईच्या हातचं पाणी

माझ्या आईचं श्राद्ध तिच्या जिवंतपणी झालं. ते करणारा तिचा सख्खा धाकटा भाऊ अजून जिवंत आहे, आणि तो आहे तोवर मला हे लिहून संपवायचं आहे. अर्धांगाच्या माणसाची सेवा कशी करतात ते चार बायकांना कळावं म्हणून तू लिही, असं आमच्या चर्चचे पाळकसाहेब मला म्हणाले. ते मी लिहीनच. पण माझ्या मनातलं वगळून लिहायला मला जमणार नाही, हे मी त्यांना तेव्हाच सांगितलं.

आईचं नाव गोदावरी. बडोद्यातल्या दरबारी कारकुनांच्या ब्राह्मण घरातली. सासरी पाऊल टाकायच्या आतच कपाळ पुसलं गेलं आणि ती माहेरीच राहिली. तिचा धाकटा भाऊ बाळ्या तेव्हा रांगत होता. त्याला तिनेच कडेवर वाढवलं, तिनेच भरवलं, गोवराच्या तापात तिनेच मांडीवर घेतलं. पुढे मिशनच्या बाई घरोघर बायकांना वाचायला शिकवत, त्यांच्याकडे ती शिकली, आणि विचार करकरून शेवटी ख्रिस्ती झाली. कुणी फूस लावली नव्हती. "मला फूस लावायला मी काय कुकुलं बाळ होते?" असं ती स्वतःच म्हणायची.

तिचे वडील वारले होते. घरातला पुरुष म्हणजे मिसरूड फुटलेला बाळ्या. त्याने चार शहाण्यांचं ऐकून बहिणीचा घटस्फोट केला. हल्लीच्या मुलांना घटस्फोट म्हणजे काडीमोड एवढंच ठाऊक, म्हणून सांगते. धर्म सोडलेल्या माणसाला मेलेलं धरायचं, दारात पाण्याने भरलेली घागर ठेवून मोलकरणीकडून ती लाथेने दक्षिणेकडे कलंडवायची, मग सगळ्यांनी सुतकाची अंघोळ करायची आणि त्या माणसाच्या नावाने तिलांजली द्यायची. त्यानंतर त्याच्याशी बोलायचं नाही आणि त्याच्या हातचं पाणी प्यायचं नाही. आई त्या वेळी गल्लीच्या तोंडाशी उभी होती. घागर कलंडलेली तिने डोळ्यांनी पाहिली. बाळ्याने वर पाहिलं नाही.

पुढे तिने मिशनच्या शाळेतल्या एका मास्तरांशी लग्न केलं. ते माझे वडील. आणि त्या घागरीच्या तिथीला, दर श्रावणात, माझी आई स्वतःच्या श्राद्धाचा स्वयंपाक करायची! खीर, वडे, अळूचं फदफदं, आमसुलाची चटणी. "मी मेलेल्यातून उठले, मग जेवण नको का?" म्हणायची, गुडघे टेकून प्रार्थना करायची आणि गल्लीतल्या पोरांना हाक मारायची. आमच्या घरात त्याला आजीचा मेलेला दिवस म्हणतात. माझी मुलगी लीला लहानपणी वर्षभर त्याची वाट पाहायची.

एक गोष्ट मात्र मला खटकायची. त्या दिवशी आई एक पान जास्त वाढायची. बाळ्याचं. बाळ्या एव्हाना भाऊसाहेब झाले होते, कचेरीत मोठ्या हुद्द्यावर, डोक्याला पगडी, रस्त्यात दिसले तर मान फिरवून जाणारे. त्यांचं ते पान संध्याकाळी गाईपुढे जायचं.

"कशाला वाढतेस?" मी चिडून विचारायची.

"एकदा बाळ्याने माझ्या हातचं पाणी प्यावं," आई म्हणायची. "बस. मग देवाने हाक मारली की मी निघालेच."

रोज झोपण्यापूर्वीच्या प्रार्थनेत तिचं पहिलं नाव त्याचं असायचं. माझं नंतर.

तो दिवस

मेलेल्या दिवसाच्या आदल्या सकाळी आई स्वतः खंडेराव मार्केटात गेली होती. अळूच्या पानांसाठी भाजीवाल्याशी गुजरातीत भांडली, जिंकली, आणि लीलाच्या हातात पिशवी देऊन ऐटीत घरी आली. एवढं वय झालं तरी भाजी दुसऱ्याने आणलेली तिला चालत नसे. दुपारी तांदूळ धुवायला बसली आणि तिच्या हातातून परात पडली.

मी म्हटलं, "आई, काय गं?" तिने वर पाहिलं. तोंड एका बाजूला ओढलं गेलं होतं. उजवा हात मांडीवर पडून होता आणि ती डाव्या हाताने तो उचलून बघत होती, हा कुणाचा आहे म्हणून.

टांग्यातून मिशनच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरसाहेबांनी पायाला टाचणी टोचून पाहिली, डोळे पाहिले आणि मला व्हरांड्यात बोलावलं. "अर्धांग आहे. जीव वाचेल असं वाटतं. वाचा गेली आहे, ती येईल की नाही सांगता येत नाही." मला वाटलं, देवाने काय घ्यायचं तेच शोधून घेतलं. माझी आई म्हणजे तिचं तोंड. गाणी, प्रार्थना, भाजीवाल्याशी भांडणं, सगळं तिथेच.

दुसऱ्या दिवशी ती शुद्धीवर आली आणि तिने ओठ हलवले. मी कान लावला. ती म्हणाली, "बाळ्या."

मला वाटलं, पहिला शब्द आहे, हळूहळू बाकीचे येतील. पण बाकीचे आले नाहीत. तिच्याजवळ तेवढा एकच शब्द राहिला. पाणी हवं, बाळ्या. पाठ दुखते, बाळ्या. मी समोर गेले तरी बाळ्या. उशा-पायथ्याशी मी मरत होते आणि नाव त्या मेल्याचं!

वॉर्डातले दिवस

आता कामाचं सांगते, कारण ते मला कुणी आधी सांगितलं नव्हतं.

अर्धांगाच्या माणसाला निजलेलं असताना पाणी पाजू नका. डोकं उचलून धरा, हनुवटी जराशी खाली करा आणि चांगल्या बाजूच्या गालात थोडं थोडं सोडा. सुरुवातीला घाईत मी पाजलं तर आईला असा ठसका लागला की तिचे डोळे पांढरे झाले. कुशीवरून कुशीवर वळवत राहा, नाहीतर पाठ फुटते. चादरीची एक सुरकुतीसुद्धा राहू देऊ नका. आणि त्यांच्यासमोर त्यांच्याबद्दल बोलू नका. वाचा गेली म्हणजे कान गेले असं नाही.

सकाळी फिनेलचा वास, मग अंग पुसणं, मग पेज. आमच्या वॉर्डाच्या नर्स रूथबेन, आणंदकडच्या. त्या आईचे केस विंचरून वेणी घालायच्या आणि म्हणायच्या, "जुओ, माजी केवां रूपाळां लागे छे!" देखणी म्हटलं म्हणून आई अर्ध्या तोंडाने लाजायची. शेजारच्या खाटेवर एक पाटीदार म्हातारी होती. ती रोज आपल्या देवाच्या फुलांतलं एक मोगऱ्याचं फूल आईच्या उशीवर ठेवायची. ही लहान लहान सुखं मी विसरणार नाही. त्यांच्यावरच मी टिकले.

संध्याकाळी आई प्रार्थना करायची. डावा हात छातीवर ठेवायची आणि रोजच्या प्रार्थनेच्या चालीत, तिच्या सगळ्या थांब्यांसकट म्हणायची, बाळ्या बाळ्या बाळ्या. गाण्याची चालही बरोबर. शब्द तेवढा एक. मी रूथबेनला म्हटलं, "हे देवाला काय कळणार?"

"प्रभु बधुं समजे छे, बेन," रूथबेन म्हणाल्या.

देवाला सगळं समजत असेल. मला समजत होतं ते एवढंच, की ती त्याला बोलावते आहे. आणि मी निरोप पाठवला नाही. का पाठवायचा? त्यांच्या लेखी तर ती कधीच मेली होती.

आमच्या घरात यावरून रोज ठिणगी पडायची. आमचे हे स्वतःच्या हाताने भाकरी थापून दमले होते. एक दिवस म्हणाले, "कळवून टाक ना त्यांना. तुझ्या हट्टापायी म्हातारीची इच्छा राहून जाईल."

"तुमच्या आईचं श्राद्ध जिवंतपणी कुणी केलं असतं म्हणजे बोलला असता हे?"

ते पुन्हा भाकरीकडे वळले. पण लीला माझ्यासारखीच तोंडाळ. ती म्हणाली, "आई, आजी तुझी आहे, पण मामाआजोबा तिचे आहेत." मी तिच्यावर डाफरले. त्या माणसाला मी आयुष्यात मामा म्हटलं नव्हतं, आणि ही आजोबा म्हणत होती.

आईने मात्र एक काम जिद्दीने केलं. आम्ही तिच्यासाठी चिनीमातीचा चोचीचा पेला आणला होता, आजाऱ्याला पाणी पाजायचा. तो डाव्या हाताने धरायचा तिने ध्यास घेतला. धरायची, हात कापायचा, पाणी सांडायचं, चादर बदलावी लागायची. मी रागवायची आणि ती पुन्हा धरायची. शेवटी एकदाचा तिने तो स्टुलावरून उचलला, ओठांशी नेला आणि एक घोट प्यायली. सगळ्या वॉर्डाने टाळ्या वाजवल्या. पाटीदार म्हातारी तर रडली.

भाऊसाहेब येतात

आणि मग ते आपणहून आले. बोलावल्याशिवाय.

मी व्हरांड्यात आईची चादर पिळत होते. टांग्यातून पगडी उतरली, पाठोपाठ एक शास्त्रीबुवा, हातात तांब्याची पळी-पंचपात्री. भाऊसाहेबांचे पाय सुजून खांबासारखे झाले होते. काठी टेकत जवळ आले.

"तू गोदीची मुलगी?"

"हो. मेलेल्या गोदीची," मी म्हटलं.

ते जरा चरकले. मग शास्त्रीबुवाच बोलले. भाऊसाहेबांच्या पायांची सूज वैद्यांना उतरेना, डॉक्टरांना उतरेना. पत्रिका पाहिली तेव्हा कळलं की जिवंत बहिणीला तिलांजली दिल्याचा दोष आहे. ती जिवंत आहे तोवरच तो काढता येतो. तिला परत घ्यायचं. नवी घागर भरायची, हिच्या जिभेवर पंचगव्याचे दोन थेंब सोडायचे, झालं.

"तिला बोलता येत नाही," मी म्हटलं.

"बोलायची गरजच नाही," शास्त्रीबुवा म्हणाले. "आम्ही म्हणू ते."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. म्हणजे तोंड होतं तोवर मेली, आणि तोंड गेल्यावर यांना ती जिवंत हवी झाली! आणि तेही तिच्यासाठी नाही, यांच्या पायांच्या सुजेसाठी. एवढं आयुष्य जिने गुडघे टेकून काढलं, तिला शेवटी गोमूत्राचे थेंब पाजून आपल्यात ओढणार, आणि ती नको म्हणू शकत नाही म्हणून. मी पिळलेली चादर त्यांच्या तोंडावर मारणार होते.

तेवढ्यात खिडकीतून आईने पाहिलं. "बाळ्या!"

आजवर ती तो शब्द पाण्यासाठी, दुखण्यासाठी, देवासाठी वापरत होती. आज तो ज्याचा होता त्यालाच म्हणाली. भाऊसाहेबांच्या हातातली काठी खाली पडली.

मी दारातून बाजूला झाले. मला माया आली म्हणून नाही. ज्याने मान वर करून तिच्याकडे पाहिलं नव्हतं, त्याला तिच्यासमोर उभं करायचं होतं म्हणून.

ते खाटेशी बसले. "ताई," म्हणाले आणि रडू लागले. आई त्यांच्या पगडीवरून, गालावरून डावा हात फिरवत राहिली, हसत राहिली, अर्ध्या तोंडाने. मग शास्त्रीबुवांनी मंत्र सुरू केला आणि पळी भाऊसाहेबांच्या हातात दिली. पळी ओठांशी येताच आईने ओठ घट्ट मिटले. अर्धं तोंड मिटत नव्हतं, तरी मिटलं. थेंब हनुवटीवरून ओघळून उशीवर गेले.

"ताई, माझ्यासाठी," भाऊसाहेब म्हणाले.

आईने मान फिरवली. मला वाटलं, संपलं. पण ती स्टुलावर काहीतरी चाचपडत होती. तिला पेला सापडला. तिने तो उचलला. पाणी भरलेलं होतं, हात लटलटत होता, पण तिने तो सांडू दिला नाही. भाऊसाहेबांच्या पुढे धरला. "बाळ्या," म्हणाली. लहान पोराला जेवायला हाक मारतात त्या सुरात.

पाटीदार म्हातारी न राहवून म्हणाली, "पी लो ने भाई! बेन आपे छे."

बहिणीने दिलेला पेला भाऊसाहेबांनी घेतला. खरंच घेतला. ओठांपर्यंत नेला. आणि शास्त्रीबुवा नुसते खाकरले. तेवढ्या खाकरण्याने तो मोठ्या हुद्द्याचा माणूस थांबला. पेला स्टुलावर परत ठेवला गेला.

आईचा हात तसाच राहिला, हवेत, रिकामा. किती वेळ राहिला ते मी पाहत होते. मग मीच तो धरून खाली ठेवला.

"निघा आता," मी म्हटलं. "दक्षिणेचं दार तिकडे आहे. परत यायचं झालं तर पाणी प्यायला या. नाहीतर येऊ नका."

आई गेली

त्यानंतर आईने पेला हातात धरला नाही. मीच पाजायची. ताप आला, छाती भरली. एका सकाळी रूथबेन तिची वेणी घालत असताना ती गाण्याच्या चालीत बाळ्या बाळ्या म्हणत होती. चाल मध्येच थांबली. रूथबेनने वेणी पुरी केली आणि मग मला हाक मारली.

आम्ही तिला आमच्या कबरस्तानात नेलं. ती जशी जगली तशीच गेली, तिच्या जिभेवर कुणाचा थेंब पडला नाही. चांगलं लांब आयुष्य झालं, असं सगळे म्हणाले. झालं. पण तिने मागितलेलं एक घोटभर पाणी तेवढं राहिलं. निरोप जाऊनही भाऊसाहेब आले नाहीत.

मेलेला दिवस

श्रावण आला. मी सगळा स्वयंपाक केला. लीलाने जास्तीचं पान मांडलं.

"उचल ते," मी म्हटलं.

"आजी वाढायची."

"आजी नाही आता."

आमची ही हुज्जत चालू असताना दारात टांगा थांबला. भाऊसाहेब. एकटे, शास्त्री नाही, पगडी नाही, टक्कल उघडं. दाराच्या चौकटीला धरून उभे राहिले. "ताई दर वर्षी माझं पान वाढायची असं ऐकलं."

"कुणी सांगितलं?"

"रूथबेननी. मी दवाखान्यात गेलो होतो. ताई गेल्यावर."

लीलाने माझ्याकडे पाहिलं. मी आत गेले, फळीवरून तो चोचीचा पेला काढला, पाणी भरलं, आणि बाहेर येताना दोन्ही दारं सताड उघडली. खिडक्याही. समोर भाऊसाहेबांच्याच कचेरीतला एक कारकून राहतो. तो ओट्यावर दात कोरत होता. मी मोठ्याने म्हटलं, "घ्या, भाऊसाहेब. ख्रिस्ती बाईच्या पेल्यातलं पाणी आहे. प्या."

ते प्यायले. ठसका लागला तरी प्यायले, शेवटच्या थेंबापर्यंत. मग पानावर बसून सगळं जेवले, आमसुलाच्या चटणीसकट, आणि जेवताना त्यांच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं. मला दया आली नाही. मी त्यांना वडा वाढला आणि समोरच्या ओट्याकडे पाहिलं. कारकून कोरणी तोंडात तशीच धरून बघत होता.

संध्याकाळपर्यंत बातमी त्यांच्या वाड्यात पोचली. महाराजांचा कायदा आहे, आता कुणाला जातीबाहेर टाकता येत नाही. घागर कुणी कलंडवली नाही. पण त्यांच्या मुलांनी, नातींची लग्नं व्हायची आहेत म्हणून, त्यांचं ताट पंगतीतून काढून ओसरीवर ठेवलं. सुना लांबून वाढू लागल्या. ज्याने बहिणीला दाराबाहेर काढलं तो स्वतःच्या घरात दाराबाहेर जेवू लागला. मला आनंद झाला. पाळकसाहेब म्हणाले, हे वाक्य खोड. मी खोडत नाही.

आता

ओसरीवरचा माणूस मग दर रविवारी आमच्याकडे यायला लागला. टांगा आणून सोडायचा. पुढे पुढे टांगा न्यायला यायचा विसरू लागला. पायांची सूज पोटावर चढली आणि एका रविवारी त्यांना उठताच येईना. मुलांना निरोप पाठवला. ते म्हणाले, बघतो. अजून बघताहेत.

तेव्हापासून भाऊसाहेब आमच्या बाहेरच्या खोलीत आहेत, आईच्याच खाटेवर. काम मला सगळं येतं. कुशीवर वळवते, चादरीची सुरकुती राहू देत नाही, डोकं उचलून पाजते. पाठ अजून फुटलेली नाही, हे मी अभिमानाने सांगते. लीला मामाआजोबा म्हणते आणि त्यांना आजीची गाणी म्हणून दाखवते. मी भाऊसाहेबच म्हणते. आमचे हे म्हणतात, "शेवटी तुझ्या आईचंच झालं बघ." झालं असेल. मला तिने विचारलं नाही.

काल त्यांनी मला विचारलं, "ताईने मला माफ केलं असेल का गं?"

"तिने कधीचंच केलं होतं. तिचा धंदाच तो होता."

"आणि तू?"

मी पेला घ्यायला उठले. तहानेची वेळ झाली होती. पाणी मागताना ते हात पुढे करतात. मी पेला भरून घेऊन उभी राहते आणि लगेच देत नाही. माझ्या आईचा हात त्या दिवशी जेवढा वेळ हवेत रिकामा राहिला होता, तेवढा वेळ मी त्यांचा हात तसाच राहू देते. त्यांनाही ते कळतं. ते हात खाली घेत नाहीत.

मग देते.